सातवी डिस्क

मी स्वतःचा ट्रक घेतला तेव्हा जालन्यात लोखंडाच्या नव्या मिला उभ्या राहत होत्या. त्याआधी आठ वर्षं मी जुन्या जालन्यातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. त्याच व्यापाऱ्याच्या दुसऱ्या गाडीवर परतूरचा एक मुसलमान ड्रायव्हर होता. माझ्याच वयाचा. दोन्ही गाड्या बहुतेक वेळा मागे-पुढेच चालायच्या. एकाच स्टोव्हवर आमची भाजी शिजायची. तो मला भाऊ म्हणायचा, मी त्याला भाई. एकदा सोलापूरच्या बाजूला मला हिवतापानं धरलं, तेव्हा हा माणूस गाडी उभी करून चार दिवस सरकारी दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिला. मालकानं त्याला नाही नाही ते ऐकवलं, पण त्यानं मला त्यातलं काही सांगितलं नाही. मला ते दुसऱ्याकडून कळलं.

पुढे मी थोडी जमीन विकून आणि बँकेचं कर्ज काढून नवी गाडी उचलली. त्यानं त्याच कंपनीची, पण तीन हात फिरून आलेली जुनी गाडी घेतली. तो परतूरच्या मोंढ्यातून कापूस आणि धान्य भरायचा. मी मिलांचं लोखंड भरायला लागलो, कारण भाडं चांगलं मिळायचं.

लोखंडाचं वजन कंपनीच्या टायरांना सोसेना. गाडी आठ महिन्यांची झाली नाही तोच दोन टायर फुटले आणि कंपनीचेच दुसरे घालावे लागले. मिलमधले जुने ड्रायव्हर म्हणाले, नऊशे-वीसचे टायर काढून टाक आणि हजार-वीसचे बसव. हजार-वीसचा टायर मोठा, त्याला लोखंडी डिस्कही रुंद लागते. म्हणजे टायर, ट्यूब, डिस्क, सगळं नवं. एवढा खर्च करायचा तर कंपनीची सातही चाकं एकगठ्ठा विकली पाहिजेत, असा मी हिशोब केला. सहा चालती आणि सातवी स्टेपनी.

वाटूर फाट्यावर पंक्चर काढणारा एक केरळचा माणूस होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याच्याकडे मी चाकं उतरवली. एकेक डिस्क तो कपड्यानं पुसून बघत होता. एका डिस्कवर त्याचा हात थांबला.

"ये देखो," तो म्हणाला.

नटांच्या दोन भोकांमधून केसाएवढी बारीक रेघ गेली होती. मंठ्याच्या रस्त्यावर एका पुलाच्या तोंडाशी भरली गाडी दणकन आदळली होती, तेव्हाचीच ती असणार.

"ये भंगार में दे दो," अण्णा म्हणाला.

मी हो म्हणालो. पण दिली नाही. सहाच चाकं विकायला काढली की घेणारा विचारतो, सातवं कुठंय? सेट मोडला की भावही मोडतो. मी ती डिस्क जालन्याला एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्यानं चिरेवर वेल्डिंग मारलं, वरून घासून सपाट केलं आणि म्हणाला, "चालून जाईल मालक. पण पुढं लावू नका. स्टेपनीलाच ठेवा."

घरी आणून मी सातही डिस्कना चंदेरी रंग दिला. एकीलाच दिला असता तर ती उठून दिसली असती, म्हणून सातही. रंग वाळल्यावर त्यावर पिवळ्या रंगानं एक ते सात आकडे टाकले. वेल्डिंगवाली सातवी.

घेणारा भाईच निघाला. त्याच्या गाडीचे टायर अगदी गुळगुळीत झाले होते. नव्यासारखे कंपनीचे टायर ओळखीच्या माणसाकडून मिळतात म्हटल्यावर तो परतूरहून धावत आला. त्यानं एकही चाक उलटंपालटं करून पाहिलं नाही.

"तू दिलंय म्हटल्यावर बघायचं काय त्यात?" तो म्हणाला.

परतूरला त्याच्या दारात आम्ही दोघांनी मिळून चाकं बसवली. आकड्यांप्रमाणंच बसवली, एक आणि दोन पुढं, बाकीची मागं. सातवं मी स्वतः उचलून स्टेपनीच्या जागी आवळलं. "हे स्टेपनीलाच राहू दे," मी म्हणालो. "त्याचा टायर जरा घासलाय."

टायर खरंच थोडा घासला होता. त्यामुळे मी खोटं बोललो नाही, असं मला वाटत होतं. भाबीनं आत शेवया केल्या होत्या. मी दोन वाट्या खाल्ल्या.

दीड-दोन महिने गेले. मे महिना होता, लग्नाची दाट तिथ. माझा क्लीनर त्याच्या गावी गेला होता आणि गाडी दोन दिवस रिकामी उभी होती. सकाळी दहाच्या सुमाराला मी गाडी घेऊन अण्णाकडे हवा भरायला गेलो. दुकानाच्या भिंतीला एक चाक टेकवून ठेवलेलं होतं. चंदेरी डिस्क, त्यावर पिवळा आकडा. दोन.

मी अण्णाला विचारलं, हे इथं कसं?

"तुम्हारा परतूरवाला दोस्त सुबह आया था. बारात लेके जा रहा था," तो म्हणाला. "रस्ते में पंक्चर हुआ, तो स्टेपनी लगा के आया. ये मेरे पास रख दिया. बोला, कल वापसी में ले जाऊंगा. पंक्चर निकाल दिया मैंने."

दोन नंबर म्हणजे पुढचं डावं चाक. मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. पुढच्या डाव्या बाजूला आता सातवी डिस्क होती आणि वर गाडीभर वऱ्हाड.

"किती माणसं होती?"

"बहुत. पूरी गाडी."

"कुठं जाणार म्हणाला?"

अण्णाला माहीत नव्हतं. शेजारच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं की वऱ्हाडातली माणसं त्याच्याकडे पाणी प्यायला उतरली होती, राजूरच्या पुढं भोकरदनच्या अलीकडं कुठलंसं गाव आहे, साडेबाराचं लग्न आहे. निघून दीड-पावणेदोन तास झाले होते.

फाट्यावर फोनचं एक बूथ होतं. मी राजूरच्या माझ्या ओळखीच्या एका पेट्रोल पंपाचा नंबर लावायला सांगितला. तीनदा लावला, तीनदा नुसतं टूंग टूंग. चौथ्यांदा घंटी वाजली पण कोणी उचलला नाही. बूथवाला म्हणाला, "थोड्या वेळानं बघू." मी रिसीव्हर त्याच्या हातात तसाच देऊन बाहेर पळालो. अण्णाच्या मदतीनं दोन नंबरचं चाक गाडीत टाकलं, जॅक आणि पाना टाकला आणि गाडी जालन्याच्या रस्त्याला घातली.

रिकामी गाडी इतकी जोरात मी आयुष्यात कधी हाणली नव्हती. मागचा फाळका धडाधड वाजत होता. मी स्वतःला समजावत होतो. वेल्डिंग पक्कं आहे. रस्ता सरळ आहे. गाडीत लोखंड नाही, माणसंच आहेत, वजन ते किती. आणि लगेच डोक्यात दुसरं यायचं, माणसंच आहेत. रामनगरच्या पुढं रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. एक गाडी तिरपी उभी होती, बायका खाली बसल्या होत्या. माझा पाय ब्रेकवर गेला तो उचलेचना. जवळ गेलो तर ट्रॅक्टर होता. ऊसतोडीहून परतणारी माणसं झाडाखाली भाकरी खात होती. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यातल्या एकानं विचारलं, "काय पाहिजे?" मी काहीच न बोलता पुढं निघालो.

जालन्यात कुंडलिकेच्या पुलावर सगळं अडलं होतं. एका हातगाड्याचं चाक निखळून ज्वारीची पोती रस्त्यावर पडली होती. दोन्ही बाजूंनी गाड्या, रिक्षा, सायकली. जो तो हॉर्न वाजवत होता आणि पोत्याला मात्र कोणी हात लावत नव्हतं. मी गाडी तशीच बंद केली, उडी मारली आणि पोती उचलायला लागलो. हमाल बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. एक पोतं फुटलेलं होतं, ज्वारी पायाखाली सांडत होती. तो म्हणाला, "हळू मालक, हळू, ती गोळा करायची हाय मला." मी त्याचं ऐकलं नाही. पोतं ओढून कडेला टाकलं. अर्धी ज्वारी पुलावर पसरली. त्याची शिवी ऐकतच मी गाडी काढली.

राजूरला पोहोचलो तेव्हा सव्वाबारा होत आले होते. गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी दोन-तीन वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या होत्या. मी प्रत्येक गाडीचं पुढचं चाक वाकून बघितलं. भाईची गाडी त्यात नव्हती. नारळवाल्यानं सांगितलं, "परतूरची गाडी ना? ताशावाले होते तीच? दर्शन घेऊन गेली की. धा मिन्टं झाली असतील. पोरं म्हणून राह्यली होती, उशीर झाला, जल्दी चला."

उशीर झाला, जल्दी चला. म्हणजे तो आता जोरात हाणत असणार.

राजूरच्या पुढं तेव्हा रस्ता एका गाडीपुरताच होता. मधे डांबराची पट्टी आणि पट्टीच्या दोन्ही कडांना वीतभर खाली उतरलेली माती. समोरून गाडी आली की एकानं डावी चाकं त्या खड्ड्यात उतरवायची. मी मनात मोजत होतो, आतापर्यंत किती गाड्या समोरून आल्या असतील, किती वेळा त्याचं डावं चाक खाली आदळलं असेल.

पाच-सहा मैलांवर मला धूळ दिसली. मग गाडी दिसली. मागच्या फाळक्याशी दाटीवाटीनं बसलेल्या बायका, त्यांचे रंगीबेरंगी पदर, आणि त्यांच्या पुढं उभे राहिलेले पुरुष. गाडी चालत होती. सरळ चालत होती. मी मोठ्यानं रडलो की ओरडलो ते आठवत नाही. हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

आणि भाईनं वेग वाढवला.

माझी गाडी त्यानं आरशात ओळखली होती. मालकाच्या गाड्या चालवत होतो तेव्हा मोकळा रस्ता मिळाला की आम्ही अशीच शर्यत लावायचो. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोटांनी मला खूण केली, ये, ये. वऱ्हाडातली पोरं शिट्ट्या मारायला लागली. ताशा अजून जोरात वाजायला लागला.

मी हॉर्नवरचा हात झटकन काढला. आता काय करावं? ओव्हरटेक करावं तर त्याला बाजू द्यावी लागेल. बाजू देताना तो डावं चाक खाली उतरवेल, आणि तेच तर नको होतं. मागं राहावं तर तो थांबणार नाही. मी वेग कमी केला. वाटलं, मी मागं पडलो की तोही सावकाश होईल. थोडा झाला. समोर उतार होता आणि उताराच्या तळाशी एका ओढ्यावरचा कठडा नसलेला अरुंद पूल. तो मला चांगला माहीत होता.

मी पुन्हा जवळ गेलो, पण हॉर्न दिला नाही. खिडकीतून अर्धा बाहेर झुकलो. एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि दुसऱ्या हातानं गळ्यातला टॉवेल हलवला. बायका हसल्या. कोणीतरी आपला पदर हलवून दाखवला. मग मी टॉवेल सोडून दिला आणि देवापुढं करतात तसा एकाच हातानं नमस्कार करत राहिलो. हात कपाळाला लावायचा, पुढं करायचा, पुन्हा कपाळाला लावायचा. तोंडानं काय बोलत होतो मला माहीत नाही. ताशात ते कोणाला ऐकूही जात नव्हतं.

फाळक्याला टेकून एक म्हातारी बसली होती. ती हसत नव्हती. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. तिनं शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला काहीतरी सांगितलं. मग ती गुडघ्यांवर उठली, वळली आणि ताशावाल्याच्या हातातली टिपरीच तिनं धरली. ताशा बंद पडला. ती पुरुषांना हातवारे करून काही सांगत होती. एका माणसानं पुढं होऊन केबिनवर थापा मारल्या. एकदा, दोनदा, मग दोन-तीन जण मिळून मारायला लागले.

उतार सुरू झाला होता. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि पुलाच्या साठ-सत्तर पावलं अलीकडं थांबली.

मी खाली उतरलो. भाई हसत हसत उतरला.

"काय रे भाऊ, मोठे टायर बसवले म्हणून रेस लावून राह्यला का? लग्नाला आल्ता का तू बी?"

येताना सगळ्या रस्त्यानं मी एक वाक्य तयार केलं होतं. नट ढिले राहिले असतील असं अण्णा म्हणाला, म्हणून आलो. एवढं म्हणायचं, चाक बदलायचं आणि निघायचं. मी ते वाक्य म्हटलंही.

"नट ढिले हायेत म्हणं. बघू दे जरा."

"न्हाई रे, मीच आवळले."

आम्ही दोघं डाव्या चाकापाशी वाकलो. चंदेरी रंगाचा पोपडा उडाला होता. त्याखालचं वेल्डिंग एका बाजूनं उघडं पडलं होतं आणि चीर तीन भोकांपर्यंत गेली होती. त्यातून गंजाचं तांबडं पाणी ओघळल्यासारखं दिसत होतं. भाईनं चिरेवर अंगठा ठेवला. मग नखानं उरलेला रंग खरवडला.

"हे वेल्डिंग हाय," तो म्हणाला.

त्यानं मान वर केली.

"कोणी केलं?"

आणखी एक खोटं अजून माझ्याजवळ होतं. कंपनीतूनच तसं आलं असेल, मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण फाळक्यावरून ती म्हातारी आमच्याकडे बघत होती, आणि तिच्या मागून भाबीचा आवाज आला, "क्या हुआ जी?" भाबी वर बसलेली आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"मी केलं," मी म्हणालो. "विकायच्या आधी. जालन्याला."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं," तो पुन्हा म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "तुझी भाबी मागं बसलीय. ही सगळी माणसं मागं बसलीत."

नवऱ्या मुलाचा बाप पुढं आला होता. त्याला दोन वाक्यांत सगळं समजलं. त्यानं माझ्या शर्टाला धरून मला गाडीवर आदळलं आणि मारायला हात उगारला. भाईनं त्याचा हात धरला. "राहू द्या पाटील. लग्नाचा दिवस हाय," म्हणाला. मला वाटलं होतं की मला मार बसावा. तो बसला असता तर बरं झालं असतं.

सगळं वऱ्हाड खाली उतरलं आणि एका लिंबाखाली जाऊन बसलं. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी दोन नंबरचं चाक ढकलत आणलं. भाईनं जॅक लावला. मी नट खोलले, त्यानं चाक ओढलं. मी दोन नंबरचं उचललं, त्यानं नट बसवले. आठ वर्षं आम्ही असंच काम केलं होतं. कोणी काय धरायचं ते बोलावं लागायचं नाही. त्या दिवशीही बोलावं लागलं नाही. शेवटचा नट मी आवळत होतो, तेव्हा त्यानं माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि सगळे नट पुन्हा पहिल्यापासून स्वतः आवळले.

वऱ्हाड गाडीत चढलं. ती म्हातारी माझ्यापाशी थांबली. तिला नेमकं काय झालं होतं ते कोणी नीट सांगितलंही नसेल. ती म्हणाली, "घरी जा बाबा. पाणी पी कुठंतरी." गाडी पूल ओलांडून गेली. मी सातवी डिस्क टायरसकट रस्त्याच्या कडेला ठेवून तिच्यावरच बसून राहिलो. उन्हानं टायर तापला होता तरी उठावंसं वाटलं नाही.

तीन-चार दिवसांनी अण्णानं मला निरोप पाठवला. मी वाटूरला गेलो. त्याच्या दुकानामागं सहा चाकं एकावर एक रचून ठेवली होती. सगळी चांगली, एक ते सहा. भाई आला होता, जुने गुळगुळीत टायर परत चढवून घेतले होते आणि ही उतरवून गेला होता.

"बोला, जिसका है उसको दे दो," अण्णा म्हणाला. मग म्हणाला, "वो डिस्क मैंने भंगार में डालने को बोला था."

मी चाकांचे पैसे घेऊन परतूरला गेलो. भाई घरी नव्हता. भाबी दारात उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. पैसे घेतले, पदरात बांधले. "वो नहीं बोलेंगे आपसे," ती म्हणाली. "मैं भी क्या बोलूं, समझता नहीं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं होतं की दुसऱ्या कशाचं, ते मी विचारू शकलो नाही. त्या गुळगुळीत टायरांवर तो पुढं किती दिवस फिरला, मला माहीत नाही. रस्त्यावर कुठंही परतूरची गाडी पलटल्याचं ऐकलं की मी लोकांना नंबर विचारत फिरायचो.

ती सहा चाकं मी पुढे एका अनोळखी माणसाला विकली. प्रत्येक डिस्कचा रंग खरवडून, उघडी करून दाखवली. तो कंटाळला. म्हणाला, "अहो, घेतो म्हटलं ना, किती दाखवता?"

त्यानंतर भाई आणि मी अनेकदा समोरासमोर आलो. मोंढ्यात, मिलच्या वजनकाट्यावर, वाटूरच्या चौकात. तो मला टाळायचा नाही. अनोळखी ड्रायव्हरकडे बघावं तसं बघायचा आणि पुढं जायचा. मी दोन-तीनदा त्याच्या गाडीच्या दारापर्यंत गेलो. तो काच वर करायचा नाही, इंजिन बंदही करायचा नाही. मी तसाच मागं फिरायचो.

बऱ्याच वर्षांनी माझे वडील वारले. तिसऱ्या दिवशी दुपारी भाबी आली. डब्यात भात आणि वरण घेऊन आली होती, आमच्यात सुतकात काय चालतं ते विचारून घेऊन. माझ्या बायकोजवळ बसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी विचारलं, कशी आलात? तिनं दाराबाहेर बोट दाखवलं.

रस्त्यावर ट्रक उभा होता, इंजिन चालू होतं. मी अनवाणीच गेलो. भाई स्टेअरिंगवर बसला होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं, मग समोरच्या रस्त्याकडे.

"भाबीला जल्दी पाठव," तो म्हणाला. "मला माल भरायला जायचंय."

मी आत जाऊन भाबीला पाठवलं.